दचकता न येणाऱ्या माणसासाठी

दरवर्षी नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी वह्या बाजूला ठेवायला सांगतो आणि मुलांना सरळ शेडमधल्या टेबलाजवळ नेतो. बुटीबोरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एक जुनं हायड्रॉलिक ओटी टेबल आहे. भंगारात निघालेलं, पायाने पंप मारून वर घ्यायचं. त्यावर गादी-उशांचा माणूस निजवतो. पावलांच्या जागी घट्ट मळलेल्या कणकेचे दोन गोळे ठेवतो. वरून हिरवी चादर टाकतो, ओटीत टाकतात तशी, पार खालपर्यंत. मग मेयो ट्रॉली ओढून आणतो. (नागपूरच्या मुलांना आपलं मेयो हॉस्पिटल आठवतं. ते नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयोवरून आलं. ट्रॉलीचं नाव मात्र अमेरिकेतल्या मेयो बंधूंच्या दवाखान्यावरून.) एका बाजूला खांब, वर स्टीलचा ट्रे. तो ट्रे रुग्णाच्या पायांवर आडवा येतो, म्हणजे चिमटे-कात्र्या सिस्टरच्या हाताशी राहतात.

"सर्जनना टेबल थोडं वर पाहिजे," मी म्हणतो. एकजण पेडल मारतो, चारदा. टेबल वर येतं, ट्रे आहे तिथेच राहतो. आवाज होत नाही, कुणाला काही खटकत नाही. अर्ध्या तासाने चादर उचलतो, तर कणकेच्या गोळ्यात ट्रेची कड दोन बोटं खोल रुतलेली असते. एका वर्षी पेडल मारणारा मुलगा तो ठसा बघून किती तरी वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "सर, पाय कोठी आहे थे दिसूनच नाही राह्यलं."

हे पुस्तक त्या वाक्यातून निघालं आहे.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली असतात. त्यांचे वडील, काका इथल्याच कारखान्यांत फिटर, टर्नर, क्रेन ऑपरेटर म्हणून राबलेले असतात. यंत्रापासून जिवाला धोका असतो हे त्यांना घरातूनच ठाऊक असतं. पॉवर प्रेसला दोन्ही हातांची बटणं का असतात, क्रेनच्या हुकाखालून का जायचं नाही, हे शिकवावं लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा हवाच असं सांगितलं, आणि चांगल्या शेडमध्ये तो असतोही. या शहाणपणावर माझा मोठा विश्वास आहे. पण रुग्णाजवळच्या यंत्राचं काम हाती आलं की याच शहाणपणाचा एक पाया निसटतो, आणि तो निसटल्याचं लक्षातही येत नाही.

कारखान्यातली सगळी सुरक्षितता शेवटी माणसाच्या दचकण्यावर टेकलेली असते. आडोसा असतो, अंतर असतं, लाल बटण असतं. पण हे सगळं चुकलं तरी हात आपसूक मागे येतो, माणूस ओरडतो, शेजारचा धावून मेन स्विच पाडतो. आपण या दचकण्याचा हिशेब कागदावर मांडत नाही, पण तो मनात गृहीत धरलेला असतो. कारखान्यातल्या यंत्रमानवाला शिकवताना माणूस जाळीच्या आत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं. का? तेवढ्या वेगात जागा माणूस बाजूला होऊ शकतो म्हणून. भूल दिलेल्या माणसाला सेकंदाला एक सेंटिमीटरसुद्धा जास्तच. त्याला यंत्र येताना दिसत नाही. टेकलं तरी कळत नाही. कळलं असतं तरी स्नायू सैल करणाऱ्या औषधाने त्याचा हात उचलला गेला नसता.

म्हणून रुग्णाजवळ येणारं यंत्र बनवणाऱ्याचं काम मी एका वाक्यात असं सांगतो: त्या माणसाचं हरवलेलं दचकणं आपल्याला यंत्रात बसवायचं आहे.

हा पेच पहिल्यांदा उघड झाला तो १९८५ साली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायचा होता आणि सुई नेमक्या कोनात न्यायची होती. त्यासाठी डॉक्टरांनी प्यूमा नावाचा कारखान्यातला यंत्रमानव वापरला. त्यांनी केलेली एक गोष्ट मुलांनी चाळीस वर्षांनंतरही लक्षात ठेवावी अशी आहे. यंत्रमानवाने सुईची मार्गदर्शक नळी डोक्याशी बरोबर जागेवर आणून धरली, आणि तिथे त्याचा वीजपुरवठा काढून त्याला जखडून टाकलं गेलं. पुढची सुई माणसाच्या हाताने गेली. म्हणजे यंत्राने जागा दाखवायची आणि मग निर्जीव लोखंड होऊन उभं राहायचं. तरीही पुढे हा यंत्रमानव बनवणाऱ्या युनिमेशनची मालक असलेल्या वेस्टिंगहाउसने शस्त्रक्रियेसाठी तो वापरायला नकार दिला. हे यंत्र माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत चालण्यासाठी घडवलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हा नकार अतिशय प्रामाणिक वाटतो. चांगला बैल म्हणजे चांगलं घोडं नव्हे, हे त्यांनी मान्य केलं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मंडळींनी १९९१ मध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी यंत्र केलं ते या नकारानंतर वेगळा विचार करून. हात कुठेही जाऊ शकतो आणि संगणक त्याला अडवतो, अशी रचना त्यांनी टाळली. यंत्राला एका धातूच्या चौकटीत असं बसवलं की नेमून दिलेल्या शंकूच्या आकाराबाहेर अवजार जाऊच शकत नाही. संगणकाला वेड लागलं तरी लोखंड परवानगी देत नाही. हे बघितलं की मला आपल्याकडच्या जात्याचा मधला खुंटा आठवतो. पाळू कितीही जोरात फिरवा, ती खुंट्याभोवतीच फिरणार. तिसऱ्या प्रकरणात या विचाराला मी सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, कारण आज मुलांचा ओढा सेन्सर आणि प्रोग्रामकडे असतो. जिथे लोखंडी अडणा बसू शकतो तिथे तो आधी बसवा. सेन्सर त्यानंतर.

आकड्यांबाबतही इथे सावध राहावं लागतं. माणसाच्या शेजारी, जाळीशिवाय काम करणाऱ्या कारखान्यातल्या यंत्रमानवांसाठी २०१६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज निघाला. यंत्र अंगावर टेकलं तर कुठे किती जोर चालेल, याची त्यात शरीराच्या भागांप्रमाणे कोष्टकं आहेत. चेहऱ्याला ६५ न्यूटन, म्हणजे साधारण साडेसहा किलोचं वजन टेकावं एवढा. पोटाला ११०, छातीला १४०. मुलं हे आकडे मिळाले की खूश होतात आणि थेट ओटीच्या यंत्राला लावायला निघतात. मी त्यांना थांबवतो. त्याच कोष्टकातले दाबाचे आकडे जाग्या माणसांवर, दुखायला कधी सुरुवात होते हे बघून ठरले आहेत. दुखलं की माणूस सरकणार, दाब क्षणभरच राहणार, हे त्यात धरलेलं आहे. ओटीत तोच दाब, किंवा त्याच्या कितीतरी कमी, तीन-तीन तास राहतो.

आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला एक शीर हाडाला अगदी लागून जाते. तिथे टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हे प्रत्येकाने अनुभवलं आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यापाशी अशीच दुसरी. या दोन जागांवर कुणी जोराने आपटण्याची गरज नाही. एखाद्या आधाराची पट्टी, यंत्राचा हात, नळीचा चिमटा तिथे नुसता टेकून राहिला तरी पुरतं. शस्त्रक्रिया यशस्वी होते, पोटाची जखम भरते, आणि माणूस घरी गेल्यावर त्याची चप्पल पायातून निसटू लागते, कारण पाऊल वर उचललं जात नाही. भूलतज्ज्ञांना हे चांगलं माहीत असतं. कोपराखाली ते मऊ गादी सरकवतात ती याचसाठी. यंत्र बनवणाऱ्याला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या पुस्तकात शरीररचनेचं एक छोटं प्रकरण आहे. यंत्राच्या पुस्तकात ते कशाला, असं विचारणाऱ्यांनी आधी कणकेचा गोळा बघावा.

फटींचे आकडे मात्र कारखान्याकडून जसेच्या तसे घेता येतात. दोन हलत्या भागांमध्ये काही चिरडू नये म्हणून किती मोकळी जागा ठेवायची? बोटासाठी २५ मिलिमीटर, पायाच्या बोटांसाठी ५०, मुठीसाठी १००, पायासाठी १८०, डोक्यासाठी ३०० आणि धडासाठी ५००. हे आकडे मी मुलांकडून पाठ करून घेतो. मेयो ट्रॉलीचा ट्रे आणि टेबल यांच्यातली ५० मिलिमीटरची फट टेबल चार पेडल वर आलं की कुठे जाते, हे मग त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता विजेबद्दल. विदर्भातल्या माणसाला भारनियमन समजावून सांगायला नको. वीज गेली की यंत्राने काय करावं, या प्रश्नाला कारखान्यात बहुतेक वेळा एकच उत्तर असतं: थांबावं. रेल्वेच्या एअर ब्रेकसारखं. होजपाइप फुटला, हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी थांबते. यंत्राच्या हातातला ब्रेकही असाच असावा: स्प्रिंगने लागलेला, आणि विजेने सोडवलेला. वीज असेल तेव्हाच हात मोकळा, गेली की तिथेच घट्ट. उलटी रचना केली, म्हणजे विजेने ब्रेक लावायचा ठेवला, तर अंधार होताच अख्खा हात रुग्णाच्या छातीवर येईल. इतकी साधी गोष्ट, पण मी दुरुस्तीला आलेल्या यंत्रांमध्ये ही उलटी रचना पाहिली आहे.

पण थांबणं हे नेहमीच सुरक्षित असतं का? भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कॅन्सरवर कोबाल्टचे किरण देणारं यंत्र घ्या. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात ते आधी बसलं, मग देशभर आणि परदेशांतही गेलं. या जातीच्या यंत्रात रुग्णाभोवती फिरणारा जड हात असतो, आणि त्याच्या डोक्यात कोबाल्टचा स्रोत. वीज गेली तर हाताने आहे तिथेच थांबायचं. पण स्रोताने थांबायचं नाही, त्याने मुकाट्याने शिशाच्या कवचात परत जायचं. एकाच यंत्राच्या दोन भागांची सुरक्षित अवस्था एकमेकांच्या उलट. रोबोटिक शस्त्रक्रियेतही तेच. यंत्राच्या हाताने जागेवर थिजायचं हे ठीक, पण त्याच्या चिमट्याने आतडं पकडलेलं असेल तर? म्हणून तो चिमटा हाताने सोडवायची एक छोटीशी किल्ली सोबत दिलेली असते. वीज नको, संगणक नको. ती किल्ली ओटीत कुठल्या खणात आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असणं, हाही रचनेचाच भाग आहे.

आणि टेबल. पोटात छिद्रांवाटे यंत्राचे हात घातलेले आहेत. ते हात छिद्रापाशी एक बिंदू पक्का धरून त्याभोवतीच फिरतात, म्हणजे पोटाची भिंत ओढली जात नाही. अशा वेळी कुणी सवयीने टेबल चार अंश कलवलं तर? यंत्राचा बिंदू हवेत तिथेच राहतो, आणि माणूस त्याच्याखालून सरकतो. म्हणूनच आधी सगळे हात काढायचे, मग टेबल हलवायचं, असा नियम कितीतरी वर्षं होता, आणि टेबल व यंत्र एकमेकांशी बोलू लागल्यावरच तो थोडा सैल झाला. दोन चांगली यंत्रं शेजारी ठेवली की एक चांगली व्यवस्था तयार होते, हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, गॅमा कॅमेऱ्याचं जड डोकं तपासणी चालू असताना एका रुग्णावर कोसळलं आणि तो दगावला. चौकशीत निघालेलं कारण आमच्या शेडमधल्या कुठल्याही मुलाला समजेल असं होतं: आधाराचे बोल्ट सैल झाले होते. जगभरातली तशी यंत्रं तपासायला लागली. मी ही घटना सांगतो तेव्हा मुलं पहिल्यांदा ताठ बसतात. तोपर्यंत त्यांना वाटत असतं की दवाखान्याचं यंत्र म्हणजे काहीतरी आपल्या आवाक्याबाहेरचं. तिथे मात्र प्रश्न होता बोल्टचा, लॉकनटचा, टॉर्क रेंचने आवळून रंगाची रेघ मारण्याचा. हे तर त्यांचं रोजचं काम.

जड भाग वरून लटकत असेल तर त्याचा आधार एकच ठेवायचा नाही, हा या पुस्तकाचा सगळ्यात कडक नियम. स्क्रूवर चालणाऱ्या उंच-सखल टेबलात एक जादा नट असतो, सेफ्टी नट. तो रोज काहीही वजन उचलत नाही. मुख्य नटाचे आटे झिजून संपले की भार त्याच्यावर येतो, आणि दोन नटांमधली फट कमी झालेली दिसली की समजायचं, दुरुस्तीची वेळ झाली. मला हा छोटा भाग फार आवडतो. वर्षानुवर्षं काहीच न करता तो फक्त एका दिवसासाठी थांबलेला असतो. वैद्यकीय उपकरणांच्या मुख्य मानकात रुग्णाचं वजन वेगळं सांगितलेलं नसेल तर निदान १३५ किलो धरा, असं म्हटलं आहे; आपल्याकडची माणसं किरकोळ म्हणून तो आकडा खाली आणू नका. रुग्णाला टेबलावर घेताना वॉर्डबॉय गुडघा टेकून वर चढतो, तेव्हा टेबलावर दोन माणसं असतात.

सूचनांच्या पाट्यांवर माझा विश्वास कमी आहे. धोका निस्तरण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी रचनाच अशी करा की धोका उरणार नाही, ते जमत नसेल तर आडोसा, कुलूप, इंटरलॉक, आणि हे दोन्ही करूनही काही उरलं तरच पाटी. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हाती घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला ३२ वर्षांचा तरुण चुंबकाकडे खेचला गेला आणि दगावला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरलाच असा सिलिंडर आत गेला होता, आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास यंत्राला चिकटून अडकले होते. एमआरआयचं चुंबक रात्रंदिवस चालू असतं. तपासणी चालू नसली, दिवे बंद असले, तरी चालू. 'बंद' या शब्दाचा सामान्य माणसाच्या मनातला अर्थ तिथे लागू पडत नाही. तो अर्थ पाटीने बदलत नाही. लोखंडी वस्तू दारातच अडेल अशी व्यवस्था लागते, आणि रुग्णासाठी लोखंडाविना बनलेला सिलिंडर, ट्रॉली, स्टँड आधीपासून तयार ठेवावा लागतो; कारण श्वास अडलेला नातेवाईक समोर असताना माणूस पाटी वाचत नाही.

माझी एक चूक इथे लिहिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी मी एक्स-रेच्या स्टँडला स्पर्शाची पट्टी करून दिली होती. यंत्राचा हात कशालाही टेकला की पट्टी दबायची आणि हालचाल थांबायची. तीन आठवड्यांनी तपासायला गेलो तर पट्टीवर दवाखान्यातलीच चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली. पट्टी कायमची निकामी. मला राग आला. सिस्टरनी शांतपणे चादर हातात घेतली आणि पट्टीवर नुसती सोडली. चिकटपट्टी नसती तर यंत्र थांबलं असतं. मी स्प्रिंग इतकी नरम घेतली होती की चादरीच्या वजनाने ती दबत होती. शस्त्रक्रिया ऐन रंगात असताना यंत्र दहादा थांबत होतं, आणि दरवेळी भुलेखालचा वेळ वाढत होता. रुग्णाच्या भल्यासाठीच त्यांनी माझी सुरक्षितता बांधून टाकली होती. तेव्हापासून थांबण्याआधी वेग उतरवण्याची एक पायरी मी ठेवतो: जवळ आलं की हळू, टेकलं की थांब, आणि थांबल्यावर पुन्हा त्याच दिशेला न जाता मागेच फिरू दे. बटणही दाबून धरलेलं असेपर्यंतच चालणारं. बोट सुटलं की हालचाल संपली. सहाव्या प्रकरणातली आकृती त्या चिकटपट्टीतून आली आहे.

आता हे सगळं बुटीबोरीत बसून का लिहायचं? नकाशा बघा. नागपूरहून वर्धा रोडने निघालं की मिहानला एम्स लागतं, पुढे जामठ्याला कॅन्सर इन्स्टिट्यूट. बुटीबोरी ओलांडून वर्ध्याकडे गेलं की सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं. एकाच रस्त्यावर एवढ्या ओट्या आणि त्यांच्या मधोमध आमच्या लेथ, मिलिंग मशिन, वेल्डिंगची शेडं. तरी दवाखान्यातला एक हँडल तुटला की तो भाग लांबून येईपर्यंत यंत्र पडून राहतं, किंवा कुणीतरी घाईत काहीतरी जोडून देतं. ते जोडणंच मला सगळ्यात जास्त भिववतं. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली; कमी जोखमीच्या ए वर्गातल्या काही आणि बी वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना लागतो. माझ्या ओळखीच्या काही लघुउद्योजकांनी हे ऐकून या धंद्याचा नादच सोडला. त्यांनी परत यावं असं मला मनापासून वाटतं. परवान्यासाठी मागितली जाणारी धोक्यांची फाईल म्हणजे आपला फिटर काम सुरू करण्याआधी डोक्यात जे करतो तेच, फक्त कागदावर आणि एकही शक्यता न गाळता. ती कशी लिहायची हे शेवटच्या दोन प्रकरणांत एका ट्रॉलीचं उदाहरण घेऊन पायरी-पायरीने दिलं आहे.

मराठीत लिहिलं, कारण बोल्ट आवळणारा मुलगा, टेबल हलवणारा वॉर्डबॉय आणि चादर टाकणारी सिस्टर यांचं एकमेकांशी बोलणं मराठीतच चालतं. मानकांचे शब्द मी जमतील तिथे शेडच्या बोलीत आणले आहेत. जिथे आणता आले नाहीत तिथे मूळ शब्द देवनागरीत ठेवला आहे.

आभार एकाच व्यक्तीचे मानतो, आणि त्यांच्या इच्छेनुसार नाव लिहीत नाही. चादर पट्टीवर सोडून दाखवणाऱ्या त्याच सिस्टर. निवृत्त होईपर्यंत त्यांची एक सवय होती. सर्जननी टेबल वर-खाली करायला सांगितलं की त्या "एक मिनिट, सर" म्हणायच्या, चादरीखाली हात घालून रुग्णाच्या पायाची बोटं चाचपायच्या, ट्रेची कड कुठे आहे ते बघायच्या, आणि मगच पेडलवाल्याकडे बघून मान हलवायच्या.